डाव्या पायाचे सात सुखतळे

प्रिय धाकट्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिलं 'प्रिय डॉक्टरसाहेब' असं सुरू केलं होतं. पण ते बाबांचं तुला हाक मारायचं नाव, आणि त्यांच्या तोंडी त्यात नुसतं कौतुक असतं. माझ्या हातून ते टोमण्यासारखं उतरलं, म्हणून फाडलं. दुसरं फाडलं, कारण त्यात पहिल्याच पानावर मी 'तू' या शब्दाखाली चार वेळा रेघ मारली होती, आणि एकदा तर कागद फाटला होता. फोनवर मला हे जमत नाही. फोनवर तू मधेच 'ताई, एक मिनिट हं, पेशंट आहे' म्हणतोस, मी एक मिनिट थांबते, आणि तेवढ्यात माझा राग शहाणा होतो. मला तो इतक्यात शहाणा व्हायला नकोय.

रिपोर्ट तुला पाठवला त्याला आज एकोणीस दिवस झाले. बाबांच्या डाव्या तळव्यावरची गाठ चामखीळ नाही. व्हेरुकस कार्सिनोमा आहे. स्क्वेमस सेल कार्सिनोमाच्या घराण्यातला एक दुर्मीळ, सावकाश वाढणारा भाऊबंद. वरून हुबेहूब चामखीळ, आत कर्करोग. हे तुला मी सांगावं असं नाही. तू कातडीचा डॉक्टर, आणि मी प्रयोगशाळेत लोकांच्या मांसाचे तुकडे मेणात बसवून कापणारी बाई. फोनवर तू म्हणालास, 'ताई, हा लाखात एकाला होतो गं, भल्याभल्यांना चकवतो.' मग संध्याकाळी एक लेख पाठवलास. मी तो शेवटपर्यंत वाचला. तुझं म्हणणं खरं आहे, भल्याभल्यांना चकवतो. पण त्याच लेखात पुढे असंही लिहिलंय की वरवरचा तुकडा घेतला तर हा आजार निसटतोच, म्हणून तुकडा खोल, तळासकट घ्यावा. ते तू वाचलं होतंस का? की पहिला परिच्छेद वाचून पाठवून दिलास? तुझी सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून विचारते.

तू विचारलंस, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं तर आत्ताच कसं आलं. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आता देते. महिन्याभरापूर्वी मी दुपारी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. बाबा डावा बूट काढून बसले होते आणि मी आत शिरताच त्यांनी पाय घाईघाईने चामड्याच्या तुकड्यांच्या ढिगामागे ओढला. दुकानात वास होता. खळीचा नाही, कातड्याचाही नाही. त्या वासांत तर आपण मोठे झालो. 'ओलं चामडं आहे, बाई,' ते म्हणाले. मी वीस वर्षं ज्या खोलीत काम करते, त्यानंतर मला ओलं चामडं कुणी शिकवू नये. ते हात धुवायला मागे गेले आणि मी स्टुलावर चढले.

वरच्या फळीवर त्यांचे स्वतःचे बूट असतात, तुला आठवत असतील. वर्षाला एक जोड स्वतःसाठी बांधायचा, झिजला की फेकायचा नाही, वर ठेवायचा. आपलंच काम डोळ्यांसमोर असलं की माज चढत नाही, असं ते म्हणायचे. मी शेवटचे सात जोड खाली काढले आणि प्रत्येकाच्या डाव्या बुटातला सुखतळा, ती आतली सुटी तळी, ओढून बाहेर काढली आणि कामाच्या पाटावर ओळीने मांडली. पहिल्या तळीवर, करंगळीच्या खाली, रापीने, त्यांच्या कातडं कापायच्या सुरीने, खरवडलेला मसुरीएवढा खळगा होता. दुसरीवर वाटाण्याएवढं भोक. तिसरीवर त्याहून मोठं, कडेने मऊ कातड्याची गादी शिवलेली. चौथीपासून भोकाचा आकारच बदलत गेला होता, ते करंगळीकडे आणि टाचेकडे पसरलं होतं. सातव्या तळीत अर्धं लिंबू मावलं असतं. टाके मात्र इतके सुरेख की कुणी म्हणावं, ही नक्षीच आहे.

मी रोज अनोळखी माणसांच्या गाठी मोजते. लांबी, रुंदी, जाडी, सेंटिमीटरमध्ये, दशांशापर्यंत. माझ्या पिशवीत पट्टी असतेच. मी सात भोकं मोजली आणि डबा ज्या कागदात गुंडाळला होता त्यावर आकडे लिहिले: अर्धा सेंटिमीटर, पाऊण, दीड, दोन, अडीच, साडेतीन, चार पूर्णांक दोन. सात वर्षं हा माणूस आपल्या पायातल्या कर्करोगाची मापं घेत होता, आणि दर वर्षी त्याला मापाचा बूट बांधून देत होता. आणि आपण दोघं, एक कातडीचा डॉक्टर आणि एक तुकडे कापणारी, जेवायच्या टेबलावर त्यांच्या शेजारी बसत होतो. ते थोडे लंगडायचे तर तू म्हणायचास, 'बाबा, बूट बांधणाऱ्यालाच बूट चावतो की काय?' आणि आपण हसायचो. मीही हसायचे. हे मी विसरलेले नाही, लिहून ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच आमच्या रुग्णालयात नेलं. सर्जनने गाठीच्या कडेपासून खोल पाचर काढली. तो तुकडा मला कापू देऊ नका, असं मी सांगणार होते, पण ऐन वेळी मीच पुढे झाले. दुसऱ्या कुणी घाईत कापला असता तर मला झोप लागली नसती. मेणाच्या वडीतून मी पट्ट्या काढल्या, कोमट पाण्यावर तरंगवल्या, काचेवर उचलल्या. नव्या मॅडमनी, म्हणजे आमच्याकडे यंदाच आलेल्या पॅथॉलॉजिस्टनी, मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बोलावलं. वरचा थर शांत होता. पेशी शहाण्यासारख्या रांगेत, एकही वेडीवाकडी नाही. आणि खाली, तळाशी, जाड जाड गोल बोटं, सगळी मिळून मांसाला खाली रेटत चाललेली. हा आजार घुसत नाही, ढकलत जातो. मॅडम म्हणाल्या, 'वरचं कितीही बघा, काही कळणार नाही. याचं सगळं खाली असतं.' मला बाबांचा आवाज ऐकू आला. लहानपणी दुरुस्तीला आलेला बूट हातात देऊन ते आपल्याला विचारायचे ना, सांगा, माणूस कसा आहे? आपण चकचकीत टोक बघून म्हणायचो, मोठा साहेब आहे. मग ते बूट उलटा करायचे. 'वरून सगळेच साहेब असतात. आधी तळ बघ.' बाबा शाळेत सातवीपर्यंत गेले. आपण दोघं मिळून किती वर्षं शिकलो ते मोजायची मला लाज वाटते.

मॅडमनी चार वर्षांपूर्वीचा जुना तुकडाही मागवला. तो कपाटात होता, नंबर मला पाठ होता. तो तू घेतलेला तुकडा. आठवतंय ना? तू दोन दिवस घरी आला होतास, बाबांकडे कारखान्याच्या दोनशे बुटांचं काम होतं. खोल कापलं असतं तर टाके पडले असते आणि तीन आठवडे त्यांना पाय टेकता आला नसता. तू दुकानातच, बुटक्या स्टुलावर बसून, त्यांचा पाय मांडीवर घेतलास आणि वरून एक चकती तासलीस. त्यांना दुखू नये म्हणून. त्यांचं काम थांबू नये म्हणून. तेव्हा दारात उभी राहून ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण मला या पत्रात तुला राक्षस करायचं नाहीये. तशी चकती कुठल्याही अनोळखी पेशंटची तू घेतली नसतीस. परक्या माणसाचा तू खोल तुकडा घेतला असतास, त्याने आरडाओरडा केला असता, आणि तो आज बरा असता.

त्या तुकड्याचा रिपोर्ट दोन ओळींचा होता. पहिली: चामखिळीसारखी वाढ, कर्करोगाची लक्षणं दिसत नाहीत. दुसरी: तुकडा वरवरचा असून तळाचा भाग आलेला नाही, शंका असल्यास खोल तुकडा पाठवावा. मी त्याचा फोटो तुला पाठवला. तू अंगठा पाठवलास. एक पिवळा अंगठा. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या एकोणीस दिवसांत मी तो इतक्यांदा उघडून पाहिलाय की मला आता त्या अंगठ्याचाच राग येतो, तुझा कमी. दुसरी ओळ तू वाचलीस का? हो किंवा नाही, एवढंच सांग. 'तेव्हा खूप गडबड होती' हे उत्तर मला नकोय.

आणि तो कागद बाबांनी काय केला, माहीत आहे? शेजारच्या दुकानातून त्यावर प्लास्टिक चढवून आणलं. कारण त्यावर 'पाठवणारे डॉक्टर' पुढे तुझं नाव छापलेलं होतं. चार वर्षं तो त्यांच्या पिशवीत असतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पायाकडे बघून जरा कपाळाला आठ्या घातल्या की हे तो कागद पुढे करतात: आमच्या डॉक्टरसाहेबांनी बघितलंय. तो पहिली ओळ वाचतो, वर तुझी पदवी बघतो, आणि लावायचं औषध लिहून देतो. दुसरी ओळ प्लास्टिकखाली चार वर्षं सगळ्यांना दिसते आहे.

आता मला स्वतःकडे यायला हवं. इथवर मी बरीच पानं तुझ्यामागे लपले.

तो तुकडा मी कापला होता. कापतानाच मला कळलं होतं. रिपोर्टच्या आधी, तेव्हाच्या जुन्या मॅडमच्याही आधी. कांद्याच्या पापुद्र्यासारखा होता तो, मेणात उभा राहीना. आणि मी तुला फोन केला नाही. का केला नाही? चार वर्षं मी स्वतःला 'मॅडमनी लिहिलीय की दुसरी ओळ, तो वाचेल' असं सांगत आले. परवा जुनी डायरी काढली. मी डायरी इतकी काटेकोर का लिहिते, म्हणून तू चिडवतोस. नंतर मला स्वतःशी खोटं बोलता येऊ नये म्हणून लिहिते. त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी उतरवते: 'धाकट्याने पाठवलेला तुकडा आज कापला. पापुद्रा आहे. तळ नाही. मॅडमनी तसं लिहिलं. तो वाचेलच. नाही वाचलं तर? पण प्रोफेसरसारखं बोलायचं नाही, असं ठरलंय.'

ते 'ठरलंय' कुठून आलं, तुला आठवणारही नाही. त्याआधी तीन आठवडे तुझ्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन झालं होतं. तुझ्या सासरची मंडळी, तुझे मित्र, सगळे जमलेले. टेबलावरचा कुणाचा तरी रिपोर्ट बघून मी म्हटलं, यात तुकड्याची खोली लिहिलेली नाही. तू हसून सगळ्यांना म्हणालास, 'आमची ताई स्लाइडी कापते, पण बोलते प्रोफेसरसारखी.' सगळे हसले. ते मी सोसलं असतं रे. पण बाबाही हसले. अभिमानाने हसले, तुझ्या हजरजबाबीपणावर. मी घरी येऊन ठरवलं की ठीक आहे, आता आपण नुसतं कापायचं. आणि तीन आठवड्यांनी माझ्या हातात बाबांचा पाय आला, तेव्हा मी ते पाळलं. संध्याकाळी दुकानात जाऊन मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला. पहिली ओळ. फक्त पहिली. त्यांचा चेहरा असा उजळला की मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला.

म्हणजे बघ, तू एका विनोदात मला गप्प केलंस आणि मी त्या गप्प बसण्याचं चार वर्षं नीट जतन केलं. तुझी चूक घाईची आणि मायेची आहे. माझी कशाची आहे, त्याला शब्द सापडतो, पण लिहवत नाही. तुझ्यावर रागावताना मला बरं वाटतं, कारण तेवढा वेळ मी त्या पापुद्र्याकडे बघत नसते.

आता पुढचं. स्कॅनमध्ये गाठ करंगळीच्या हाडाला टेकलेली दिसते. शरीरात दुसरीकडे काही नाही. हा आजार सहसा पसरत नाही, एवढी एक मेहेरबानी. सर्जन म्हणतात, पावलाची पुढची बाहेरची बाजू दोन बोटांसकट काढावी लागेल, पण टाच राहील, घोटा राहील, बाबा स्वतःच्या पायाने चालतील. येत्या सोळा तारखेची वेळ दिली आहे. ती गेली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि तेव्हा काय काय काढावं लागेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. बाबांनी हात गुडघ्यांवर ठेवून सगळं ऐकलं. उरलेल्या पावलाची रुंदी किती असेल, एवढाच एक प्रश्न विचारला. मग पिशवीतून तो प्लास्टिकचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आमच्या डॉक्टरसाहेबांनी चामखीळ सांगितलीय, मी सही करणार नाही. सर्जनने कागद वाचला. दुसरी ओळही वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

मला वाटलं, घाबरलेत. वाटलं, हट्टी म्हातारा. मी घरी येऊन त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. ते रापीला धार लावत बसले. चार दिवसांपूर्वी आईने, कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता सांगितलं, 'त्यांना सगळं कळलंय गं. तू काय सुखतळे मांडलेस, त्यांनी तर ते स्वतः कापलेत. मला म्हणाले, मी सही केली की पोराचं नाव गेलं. बापाच्या पायातलं ओळखता आलं नाही, असं म्हणायला लोक मोकळे. एवीतेवी हळूच वाढतंय ना, मग त्याच्या आधी मीच जाईन.' आई हे इतक्या साध्या आवाजात बोलली की मला आधी त्याचा अर्थच लागेना. तो माणूस तुझ्यासाठी पाय देतोय, धाकट्या. तुला न सांगता, उपकाराची भाषा न करता. आणि तू 'सवड काढून येतो' म्हणालास.

काल मी दुकानात गेले आणि माझा वाटा त्यांना सांगितला. पापुद्रा, दुसरी ओळ, डायरी, उद्घाटनाचं हसणं, सगळं. मला वाटलं होतं, निदान माझी चूक कळली तर तुझ्या नावावरचं ओझं कमी होईल आणि ते सही करतील. त्यांनी हातातली रापी खाली ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'तू कापणारी, बाई. कापणाऱ्याला जेवढं चामडं दिलं तेवढंच तो कापतो. माप घेणारा वेगळा.' त्यांनी मला माफ केलं, आणि त्याच वाक्यात सगळं पुन्हा तुझ्यापाशी आणून ठेवलं. माझी कबुली काही कामाची नाही. ते माप घेणाऱ्याची वाट बघताहेत.

हे मला आज सकाळी कळलं, आणि म्हणून हे पत्र. बाबा दूध आणायला गेले होते. पाटाखालच्या खोक्यात मला त्यांचा स्वतःचा डावा फर्मा सापडला, ज्यावर तीस वर्षं ते स्वतःचे बूट बांधतात तो लाकडी ठोकळा. त्याची बाहेरची पुढची बाजू करवतीने कापलेली आहे. दोन बोटांएवढी, सर्जनने कागदावर दाखवली होती अगदी तिथून. कड कानसीने घासून गोल केली आहे, आणि त्यावर चामड्याचा एक तुकडा आत्ताच ओढून बघितलेला आहे, खिळ्यांच्या खुणा ताज्या आहेत. त्यांच्या हातांनी सही केली आहे. फक्त तोंडाने करायची राहिली आहे, आणि ती ते तुझ्या परवानगीशिवाय करणार नाहीत. तेव्हा फोन करू नकोस. लेख पाठवू नकोस. सोळा तारखेच्या आत ये. त्याच बुटक्या स्टुलावर बस, त्यांचा पाय मांडीवर घे, उलटा करून नीट बघ, आणि तो प्लास्टिकचा कागद मागून घेऊन दुसरी ओळ मोठ्याने वाच. मग म्हण, बाबा, माझं माप चुकलं. 'दुर्मीळ' हा शब्द वापरू नकोस. मी शेजारी उभी असेन. वाटलं तर त्यानंतर माझ्यावर ओरड, मी ऐकून घेईन. ते नेहमीप्रमाणे तुझे बूट उलटे करून टाचा कशा झिजल्यात ते बघतील. बघू दे.

अजून तरी तुझीच,
ताई